परमुलखांत रोख पैशाला लागलेला लगाम

आपल्याकडील वाण्याच्या दुकानांत गल्ल्याच्या वर एक पाटी हटकून लटकलेली असे: ‘आज रोख, उद्यां उधार.’ ज्याच्या मुठींत रोकड, त्याचें नांवगांव कोणी पुसत नसे. उधारी मागणाऱ्याला मात्र आपली सारी कुळकथा सांगावी लागे. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, सचोटीनें मिळविलेला पैसा रोख मोजून देणें हाच कधीं दोष ठरेल, ही कल्पनाहि मनाला शिवत नाहीं. परंतु युरोपांतील स्पेन देशांत आज नेमकी उलट स्थिति आहे. तेथें राहणाऱ्या माणसानें दुकानदाराला बाराशें युरो रोख मोजून दिले, तर देणारा आणि घेणारा हे दोघेहि दंडास पात्र होतात. तो पैसा कितीहि घामाचा असो, त्यावरील कर पैपैचा भरलेला असो, त्यामुळें दंड टळत नाहीं.

विषय परक्या देशाचा खरा. परंतु तो आपल्या घरापासून वाटतो तितका दूर नाहीं. आपलीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं युरोपांत जाऊन राहूं लागलीं, आणि त्यांच्यामागून आईबापहि दोन-तीन महिने तेथें राहून येऊं लागले. निघतांना लोणच्याच्या बरणीची, लोकरी कपड्यांची आणि औषधांची चिंता आपण पुष्कळ वाहतों; त्या मुलखांत पैसा कोणत्या रीतीनें द्यावा, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. म्हणून स्पेनचा हा कायदा थोडा खोलांत जाऊन पाहणें अगत्याचें वाटतें. परदेशांत राहणाऱ्या परक्या माणसाचा प्रश्न त्यांत फार स्पष्टपणें उमटलेला आहे.

कायद्याचें स्वरूप

स्पेनमध्यें रोख रकमेवर मर्यादा घालणारा कायदा २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं झाला आणि त्याच वर्षीं १९ नोव्हेंबरपासून ती मर्यादा अमलांत आली. त्या वेळीं ती २,५०० युरो होती. पुढें ९ जुलै २०२१ च्या कायद्यानें ती एकदम १,००० युरोंवर आणण्यांत आली. व्यवहारांतील एक पक्ष जरी व्यापारी अथवा व्यावसायिक असेल, आणि व्यवहाराची रक्कम १,००० युरो किंवा त्याहून अधिक असेल, तर तो व्यवहार रोखीनें पुरा करतां येत नाहीं. दोन्ही पक्ष खासगी गृहस्थ असतील, तर हें बंधन त्यांना लागत नाहीं. बापानें मुलाला पैसे दिले तर त्यांत सरकार पडत नाहीं. बँकेंत आपल्या खात्यावर रोख भरणा करण्यासहि ही मर्यादा नाहीं.

इतकें ऐकून कोणालाहि वाटेल कीं, यांत अवघड तें काय? हजारापर्यंत रोख द्यावी, वरचे पैसे अन्य मार्गानें द्यावे, म्हणजे झालें. परंतु नवखा माणूस फसतो तो येथेंच. कायदा हातांतल्या नोटा मोजीत नाहीं. तो संपूर्ण व्यवहाराची किंमत मोजतो. समजा, एका तरुणानें घरासाठीं १,४०० युरोंचें लांकडी सामान घेतलें. खिशांत होते म्हणून २०० युरो रोख दिले आणि उरलेले १,२०० कार्डानें दिले. त्याच्या दृष्टीनें हें सर्वस्वीं निर्दोष. कायद्याच्या दृष्टीनें मात्र दोष घडला. व्यवहारच हजारावरचा असल्यामुळें त्यांतील एक युरोहि रोख देण्याची मुभा नव्हती. सुदैव इतकेंच कीं, दंड रोख दिलेल्या रकमेवर बसतो, आणि तो तिच्या पंचवीस टक्के, म्हणजे येथें ५० युरो असतो. तेच सारे १,४०० रोख दिले असते, तर दंड ३५० युरोंचा झाला असता.

दुसरी चुकीची समजूत हप्त्यांविषयींची. न्हाणीघर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचें १,८०० युरोंचें काम असेल, तर ‘दर आठवड्याला सहाशें रोख देऊं’ असें म्हणून सुटतां येत नाहीं. एकाच कामाचे अथवा एकाच खरेदीचे सारे हप्ते एकत्र धरण्यांत येतात.

तिसरी गोष्ट चेकसंबंधीं आहे. चेक म्हटला म्हणजे बँकेचा कागद, त्याला रोकड कोण म्हणेल? परंतु जो चेक कोणाच्याच नांवें नाहीं, जो आणील त्याला पैसे मिळावे अशा भाषेचा आहे, तो बेअरर चेक ह्या कायद्यानें नोटांच्याच पंक्तीला बसविला आहे. आपल्या जुन्या सावकारीशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना यांतील मर्म चटकन् कळेल. हुंडीच्या व्यवहारांत नामजोग हुंडी आणि शाहजोग हुंडी असे भेद असत. नामजोग हुंडीचा पैसा तींत नांव घातलेल्या इसमासच मिळे. शाहजोग हुंडीचा पैसा पेठेंत पत असलेल्या सावकाराच्या मार्फतच मिळे, म्हणजे पुढें कांहीं घोटाळा निघाला तर कोणाला धरावें हें ठाऊक असे. पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला, याचा माग राहावा, हा त्यांतील हेतु. स्पेनच्या कायद्याचा हेतुहि तोच आहे. नांवाच्या चेकाला माग असतो म्हणून तो चालतो. बेअरर चेकाला माग नसतो म्हणून तो नोटेसारखाच समजला जातो. इटलींतहि १,००० युरो अथवा त्यावरील चेक घेणाऱ्याच्या नांवाचा असावा लागतो, आणि तो दुसऱ्यास देतां येणार नाहीं असा शेरा त्यावर असावा लागतो.

दंडाची वसुली सरकार दोघांपैकीं कोणाकडूनहि करूं शकतें. यांत एक चमत्कारिक कलम आहे. पैसे दिल्यापासून तीन महिन्यांच्या आंत ज्या पक्षानें आपण होऊन सरकारास खबर दिली, रक्कम सांगितली आणि दुसऱ्या पक्षाचें नांव कळविलें, त्याला दंडाची माफी मिळते. दोघांनीं एकाच वेळीं खबर दिली, तर मात्र माफी कोणालाच नाहीं! अशा रीतीनें ग्राहक आणि दुकानदार यांना कायद्यानें एकमेकांचे पहारेकरी करून ठेवलें आहे. शिवाय पैसे अन्य मार्गानें दिल्याचा पुरावा पांच वर्षें जपून ठेवावा लागतो. ज्या घरांत पावत्या तारेला टोचून ठेवण्याची जुनी संवय टिकून आहे, त्या घराला हें जड जाणार नाहीं. इतरांना ती संवय लावून घ्यावी लागेल.

परका कोणाला म्हणावें?

ह्या कायद्यांत एक सवलत आहे, आणि आपल्या वाचकांच्या दृष्टीनें तीच सर्वांत महत्त्वाची. पैसे देणारा गृहस्थ जर करासाठीं स्पेनचा रहिवासी नसेल, तो तें सिद्ध करूं शकेल, आणि तो स्वतःच्या धंद्यासाठीं पैसे देत नसेल, तर त्याची मर्यादा १,००० ऐवजीं १०,००० युरो धरली जाते. २०१२ सालीं ती १५,००० होती. कारण उघड आहे. प्रवाशांच्या येण्याजाण्यावर त्या देशाचा फार मोठा चरितार्थ चालतो. पाहुण्याच्या खिशांतील पैसा दारांतच अडविणें स्पेनला परवडण्याजोगें नाहीं.

परंतु येथें ‘परका’ कोण, हें पारपत्राच्या रंगावरून ठरत नाहीं. माणूस कोठें राहतो, यावरून तें ठरतें. एका पंचांगी वर्षांत १८३ दिवसांहून अधिक काळ स्पेनमध्यें राहणारा, किंवा ज्याच्या मिळकतीचें मुख्य ठाणें तेथें आहे असा माणूस करासाठीं तेथील रहिवासी समजला जातो. मधून मधून चार दिवस बाहेर गेला तरी तेवढ्यानें त्याचा रहिवास तुटत नाहीं. याचा परिणाम मोठा विचित्र होतो. मुंबईंत कायमचा राहणारा स्पॅनिश नागरिक सुटींत आपल्या मायदेशीं गेला, तर त्याला दहा हजारांची मर्यादा; आणि माद्रिदमध्यें तीन वर्षें नोकरी करणारा आपला मराठी इंजिनियर, जो तेथें मताधिकारानें, भाषेनें आणि जन्मानें परकाच आहे, त्याला मात्र हजाराची!

वरील उदाहरणांतील तरुणाचे वडील पुण्याहून त्याला भेटावयास गेले आहेत, असें समजा. प्रवाशाच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे राहतां येत नाहीं. म्हणून ते रहिवासी ठरण्याचा संभव नाहीं. त्यांनीं स्वतःसाठीं १,४०० युरोंचें घड्याळ रोखीनें घेतलें तर तें कायदेशीर. त्याच दुकानांत, त्याच किंमतीचें घड्याळ मुलानें रोखीनें घेतलें तर तो गुन्हेगार. बापलेक एका घरांत राहतात, एका ताटांत जेवतात. पण काऊंटरपाशीं दोघांना दोन कायदे लागतात. ‘तर मग मुलाचें सामान बाबांच्या पारपत्रावर घेऊं’ ही युक्ति कोणाला सुचल्यास ती वेळींच सोडून द्यावी. ज्याची खरेदी त्याचाच व्यवहार. त्यावर दुसऱ्याच्या पारपत्राचें पांघरूण घालणें म्हणजे लहान चुकीची मोठी लबाडी करणें होय.

हा लगाम कशासाठीं?

सरकारला रोकडीचें इतकें वावडें कां, हा प्रश्न साहजिक आहे. याचें उत्तर स्पेनच्या अलीकडील इतिहासांत सांपडतें. २००८ च्या आर्थिक संकटापूर्वीं तेथें घरबांधणीला उधाण आलें होतें. खरेदीखतांत एक किंमत लिहावयाची आणि उरलेली रक्कम पाकिटांतून द्यावयाची, हा प्रकार राजरोस चाले. आपल्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाहीं! त्या काळांत युरोच्या मुलखांतील ५०० च्या एकंदर नोटांपैकीं सुमारें पाव हिस्सा एकट्या स्पेनमध्यें असल्याचें सांगत. लोकांनीं त्या नोटेला ‘बिन लादेन’ असें टोपणनांव दिलें होतें. कारण ती आहे हें सर्वांना माहीत, ती दिसते कशी हेंहि माहीत, पण प्रत्यक्ष पाहिलेली कोणीच नाहीं. पुढें युरोपीय मध्यवर्ती बँकेनें २०१६ सालीं ही नोट बंद करण्याचें ठरविलें, आणि २०१९ पासून ती नव्यानें निघत नाहीं.

तथापि कायदा झाला तो २०१२ सालीं, तेव्हां ह्या उधाणाची ओहोटी लागून चार वर्षें झालीं होतीं. दर चार कामकऱ्यांतील एक बेकार होता आणि सरकारची तिजोरी रिकामी होती. अशा वेळीं पगारदाराचा कर जागच्या जागीं कापला जावा आणि पाकिटांतून पैसा घेणारानें मोकळें राहावें, हें अन्यायाचें होतें, यांत शंका नाहीं. घराच्या व्यवहारांत तर २००६ च्या कायद्यापासूनच खरेदीखतांत पैसे कोणत्या मार्गानें दिले याची नोंद करावी लागते. तेथें बहुधा बँकेनें स्वतः काढलेला, विकणाऱ्याच्या नांवाचा चेक किंवा खात्यावरून खात्यावर रक्कम पाठविणें हेच मार्ग उरतात.

सर्व युरोप ह्या बाबतींत एकमताचा आहे असें मात्र नाहीं. इटलीनें डिसेंबर २०११ मध्यें १,००० युरोंची मर्यादा घातली. पण महागड्या वस्तु विकणारे व्यापारी ओरड करूं लागतांच २०१२ मध्यें परदेशस्थ प्रवाशांना १५,००० पर्यंत सूट दिली. त्यासाठीं दुकानदारानें पारपत्राची नक्कल ठेवावी, गिऱ्हाइकाकडून लेखी निवेदन घ्यावें आणि पैसा लगेच बँकेंत भरावा, अशा अटी होत्या. स्वदेशीयांची मर्यादा पुढें सरकारागणिक खालीं-वर होत जाऊन २०२३ च्या जानेवारीपासून ५,००० झाली. उलट जर्मनींत दुकानांतील रोख खरेदीला सर्वसाधारण मर्यादा घातली गेली नाहीं. तेथें फक्त घरजमीन रोखीनें घेण्यास २०२३ पासून बंदी झाली. आतां युरोपीय संघानें २०२४ सालीं सर्वांसाठीं एक नियम केला आहे. १० जुलै २०२७ पासून संघांत कोठेंहि व्यापारी व्यवहारांत १०,००० युरोंवर रोख चालावयाची नाहीं. ज्या देशांना याहून खालची मर्यादा ठेवावयाची असेल, त्यांना ती मोकळीक राहील.

बँकेचें दार

येथवर जें सांगितलें त्यांत कायद्याची बाजू पुष्कळशी न्यायाची दिसते. परंतु ह्या साऱ्या इमारतीचा पाया एका गृहीतावर उभा आहे. तें गृहीत असें कीं, प्रत्येकाला बँकेचें दार उघडें आहे. रोख देऊं नको, असें सांगणारानें दुसरा मार्ग आधीं मोकळा करून ठेवला पाहिजे; नाहीं तर ती आज्ञा नसून अडवणूक होते. आणि नेमक्या ह्याच ठिकाणीं नुकता आलेला परका माणूस अडतो. घर भाड्यानें घ्यावयास खातें पाहिजे, खातें उघडावयास पत्ता पाहिजे, परकीयांचा ओळखक्रमांक पाहिजे, आणि तो क्रमांक मिळविण्यासाठीं सरकारी कचेरींत वेळ ठरवून रांगेंत उभें राहिलें पाहिजे. ह्या चक्रांत सांपडलेल्या माणसाजवळ असते ती फक्त रोकड, आणि तिलाच लगाम घातलेला!

युरोपीय संघानें ही अडचण ओळखली, हें त्याला भूषणावह आहे. २०१४ च्या त्याच्या निर्देशाप्रमाणें संघांत कायदेशीरपणें राहणाऱ्या कोणालाहि, मग त्याला कायमचा पत्ता नसो किंवा तो आश्रयार्थी असो, साधें खातें मिळण्याचा हक्क आहे. अर्ज पूर्ण भरून दिल्यावर बँकेनें कामाच्या दहा दिवसांत निर्णय दिला पाहिजे. स्पेननें हा हक्क २०१७ सालीं आपल्या कायद्यांत आणला, आणि पुढें अशा खात्याचा खर्च महिन्याला ३ युरोंहून अधिक घेऊं नये असें ठरविलें. काऊंटरपलीकडचा कारकून हें आपण होऊन सांगेलच असें नाहीं; म्हणून परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें हा हक्क नांवानिशीं मागण्यास शिकलें पाहिजे.

दार उघडें असणें म्हणजे तें चढतां येण्याजोगें असणें नव्हे, हेंहि स्पेनमध्येंच दिसून आलें. २००८ सालीं तेथें बँकांच्या ४५,००० हून अधिक शाखा होत्या. २०२१ अखेर त्या २०,००० च्याहि खालीं आल्या. ज्या वर्षीं रोकडीची मर्यादा हजारावर आली, त्याच वर्षांची ही स्थिति. उरलेल्या शाखांतूनहि माणसांऐवजीं यंत्रांकडे बोट दाखविण्यांत येऊं लागलें. तेव्हां वालेन्सिया येथील कार्लोस सान हुआन नांवाच्या ७८ वर्षांच्या निवृत्त डॉक्टरांनीं २०२२ च्या आरंभीं एक अर्ज लोकांपुढें ठेवला. ‘मी म्हातारा आहें, मूर्ख नव्हें’ हें त्याचें ब्रीद. सहा लाखांहून अधिक लोकांनीं त्यावर सह्या केल्या, आणि त्याच फेब्रुवारींत बँकांना काऊंटरवरील सेवेचे तास वाढविण्याचा करार करावा लागला. त्याच वर्षीं, कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेच्या आंत ग्राहकानें रोख देऊं केली असतां ती नाकारणें हा दुकानदाराचा दोष ठरविण्यांत आला. म्हणजे हजारावर रोख देणाऱ्याला दंड, आणि हजाराखालीं रोख नाकारणाऱ्यालाहि दंड. वरवर हा विरोधाभास दिसतो. परंतु माझ्या मतें तराजू थोडाफार समतोल झाला तो ह्या दुसऱ्या कलमामुळेंच.

आपल्या देशांतहि १ एप्रिल २०१७ पासून एका दिवसांत एका माणसाकडून, किंवा एकाच व्यवहारापोटीं, अथवा एकाच प्रसंगानिमित्त दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास बंदी आली. तिचा दंड घेणाऱ्यावर पडतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असतो. स्पेनप्रमाणें देणाऱ्यावर पडत नाहीं. हा फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ‘दंड झाला तर दुकानदाराला होईल’ ह्या येथील समजुतीवर विसंबून तेथें वागणारा माणूस स्वतःच अडकेल.

जाणाऱ्यांनीं मग काय करावें? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें बहुतेक देशांच्या प्रवासाला जातांना एका खेपेस ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेतां येतात. बाकीची रक्कम कार्डावर न्यावी. युरोपीय संघाच्या सीमेवर १०,००० युरो किंवा अधिक रक्कम जवळ असेल, तर ती न विचारतां जाहीर करावी. तेथें वास्तव्य करणाऱ्यानें पहिल्याच आठवड्यांत ओळखक्रमांकाच्या आणि खात्याच्या मागें लागावें. कारागिराशीं काम ठरवितांना पैसे कोणत्या मार्गानें द्यावयाचे हें आधींच लिहून घ्यावें, आणि ‘रोख दिलेत तर कर वगळून देतों’ असें कोणी म्हणाला, तर त्या सवलतीची खरी किंमत पंचवीस टक्के दंड मिळवून मोजावी. चेक द्यावयाचा झाल्यास तो नांवाचाच द्यावा. पारपत्र खिशांत असूं द्यावें, आणि पावती पांच वर्षें.

रोकड ही परक्या मुलखांत माणसाची सर्वांत जुनी सोबतीण. भाषा येत नसली, ओळख नसली, तरी नाणें बोलत असे. तिला लगाम घालण्याचा हक्क सरकारला आहे. कारण चोराचें आणि सावाचें नाणें एकाच आवाजांत बोलतें. परंतु जें सरकार परक्याच्या हातांतून ती काढून घेतें, त्यानें त्याच्या हातीं दुसरें कांहीं दिलें पाहिजे: खातें, काऊंटरपाशीं एक माणूस, आणि त्याच्या भाषेंत समजेल असा एक नियम. हीं तीन जेथें मिळतात तेथें हजाराची मर्यादा कोणाला जाचत नाहीं. जेथें तीं मिळत नाहींत, तेथें करबुडव्या आपली वाट शोधून काढतो आणि दंड भरतो तो रांगेंत उभा असलेला प्रामाणिक माणूस.